भीतीचा पंचनामा

मी आजवर जेवढी पत्रकं लिहिली, त्यांतलं एकच मला मागे घ्यावं लागलं. ते एका म्हाताऱ्याविरुद्ध होतं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत हा माणूस दर शनिवारी दुपारी पंधरा-वीस पोरांना पडवीत बसवतो आणि लॅपटॉपवर भुताखेतांचा रशियन गेम दाखवतो, अशी माहिती माझ्याकडे आली होती. 'माहिती आली होती' हे आज लिहिते आहे. तेव्हा 'उघडकीस आले आहे' असं लिहिलं होतं. पत्रकात तसंच लिहायचं असतं, असं मला आमच्या संघटनेत शिकवलेलं. मथळा होता 'बालमनांची कत्तल थांबवा'. पुढे तीन उद्गारचिन्हं. महाडच्या एसटी स्टँडवर मी स्वतःच्या हातांनी ते वाटलं.

चौथ्या दिवशी त्याची एक प्रत टपालानं माझ्याकडे परत आली. प्रत्येक ओळीखाली पट्टी लावून पेन्सिलीची रेघ, आणि समासात बारीक तिरप्या अक्षरात एकेक शब्द: 'मत', 'मत', 'मत', 'माहिती', 'मत'. तळाशी टीप होती: "एकूण ओळी सतरा. पैकी माहिती दोन, मत पंधरा. दोनपैकी एक माहिती चुकीची. गेम दाखवत नाही, वाचून दाखवतो. येत्या शनिवारी दुपारी अडीच वाजता समक्ष येऊन खात्री करावी. चहा मिळेल."

माझं डोकं फिरलं. शनिवारी बाराच्या गाडीनं मी पोलादपूरला गेले, तिथून वडापच्या जीपनं वाडीत. खात्री करायला नाही. जाब विचारायला.

तो माणूस निवृत्त तलाठी होता. आमच्याकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात, म्हणून सगळी वाडी त्यांना भाऊसाहेब म्हणायची, पोरंसुद्धा. नाव कुणी घेत नसे, मीही घेत नाही. मागच्या माघात ते गेले. त्यांच्यावर काही लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. पण ज्या माणसावर मी सतरा ओळी न बघता लिहिल्या, त्याच्यावर थोडंसं बघून लिहिणं माझ्याकडे लागतं.

नोकरीत त्यांनी आयुष्यभर पंचनामे केले. पुरात वाहून गेलेली भांडी, दरडीखालचं शेत, रानडुकरांनी लोळवलेली नाचणी, जळालेली पेंढ्याची उडवी, पान लागून, म्हणजे साप चावून, मेलेला बैल. जे दिसलं ते, जिथे दिसलं तिथे, जेवढं दिसलं तेवढंच. निवृत्त झाले तरी हाताची सवय जाईना. त्यांची बायको, म्हणजे काकू, मला पहिल्याच दिवशी सांगत बसल्या.

"अगं, दोन वर्षांमागे न्हाणीत घसरून पडले. मी धावत गेले, तर म्हणतात, आधी कागद आण. पडल्या पडल्या मला सांगतायत, डोकं पूर्वेस, पाय बादलीपासून दीड वीत. मी म्हटलं, उठता की पंच बोलावू?"

"बोलवायला हवे होते," भाऊसाहेब आतून म्हणाले. "साबण कुणी खाली टाकला त्याचा निर्णय अजून लागलेला नाही."

"मला बघायला आले होते ना," काकू माझ्याकडे वळून, आवाज जराही कमी न करता म्हणाल्या, "तेव्हा चतुःसीमा लिहून गेले असणार. पूर्वेस गोठा, पश्चिमेस विहीर, मध्ये मुलगी."

मी हसले नाही. जाब विचारायला आलेल्या माणसानं हसायचं नसतं.

रशियन ते कसे शिकले, हे मी बऱ्याच नंतर विचारलं. ते तरुण असताना महाडला पुस्तकांची एक गाडी यायची. तिच्यात रशियातून छापून आलेली लहान मुलांची मराठी पुस्तकं असत, जाड गुळगुळीत कागदाची, स्वस्त. भाऊसाहेबांनी पुतण्यासाठी एक घेतलं. त्याच्या पहिल्या पानावर तळाला दोन ओळी रशियन लिपीत होत्या. "कागद आपल्या ताब्यात आहे आणि त्यावरच्या दोन ओळी आपल्याला वाचता येत नाहीत," ते म्हणाले, "तलाठ्याला झोप कशी यायची?" मग पुढच्या गाडीतून भाषा शिकायचं पुस्तक घेतलं. गावोगावच्या चावड्यांमध्ये, पावसात वीज गेली की, ते रशियन गिरवत बसायचे. त्या दोन ओळी छापखान्याचा पत्ता निघाल्या. तरी ते शिकत राहिले. इतक्या वर्षांत ती भाषा बोलायची संधी एकदाच आली. पाचाडला एका हॉटेलात रायगड बघायला आलेलं रशियन जोडपं भेटलं. यांनी उभं राहून त्यांचं स्वागत केलं, हवामानाबद्दल दोन वाक्यं बोलले. "त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं," भाऊसाहेब म्हणाले. एवढी वर्षं झाली तरी अपमान ताजा होता.

तो गेम त्यांच्या पुण्याच्या भाच्याच्या जुन्या लॅपटॉपात होता. भाच्यानं लॅपटॉप मामाला दिला आणि गेम काढायला विसरला. त्यात खेळण्यासारखं फार काही नाही. चित्र येतं, खाली मजकूर येतो, पुढचं बटण दाबायचं. कादंबरीच म्हणायची, पडद्यावरची. शहरातला एक मुलगा आईबापांबरोबर जंगलाकाठच्या गावात राहायला येतो. बर्फ, काळी झाडं. घरात भांडणं, शाळेत दांडगाई. गावातलं एक पोर नाहीसं झालेलं. आणि जंगलात काहीजण उभे असतात, अंग माणसाचं आणि तोंड जनावराचं. ते या मुलाला खेळायला बोलावतात. अधूनमधून पडद्यावर दोन पर्याय येतात आणि मुलानं काय करायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.

पडद्याची पाठ पोरांकडे असायची. हे मी स्वतः पाहिलं. लॅपटॉप काकूंच्या शिलाई मशीनच्या टेबलावर, भाऊसाहेब त्याच्यासमोर, पोरं त्यांच्याकडे तोंड करून. चित्र कुणाला दिसत नव्हतं. भाऊसाहेब मनात रशियन वाचायचे, क्षणभर थांबायचे आणि सपाट आवाजात मराठी सांगायचे. सातबारा वाचावा तसं.

"आवाज काढा ना भाऊसाहेब, त्या कोल्ह्याचा!" एक पोरगा ओरडला.

"आवाज लिहिलेला नाही."

"पर घाबरवा तरी!"

"माझं काम वाचायचं. घाबरायचं काम तुझं. ते तू कर."

मध्येच ते चार-पाच वेळा बटण दाबून पुढे जायचे. "इथे रक्त आहे. वगळलं," असं सांगून वगळायचे. चोरून नाही.

मग पर्याय आला. अंगणातून मुलाला कुणीतरी हाक मारतंय. दार उघडायचं की नाही? पोरांचे हात सटासट वर.

"हात नकोत, कारण सांगा."

"उघडायचा," मघाचाच पोरगा म्हणाला. "नायतर गेम संपल."

सगळे हसले. पुढे बसलेली एक मुलगी हसली नाही. दहा-अकरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, गुडघ्यावर खरूज. तन्वी. म्हणाली, "आदी इचारायचं. कोण हाय, कुणाचा हाय, कशाला आला हाय. दार बंद ठेवूनशानी इचारायचं."

"हा पर्याय गेममध्ये नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"मंग गेम चुकीचा हाय."

भाऊसाहेबांनी लॅपटॉप मिटला. त्या दिवशीचं वाचन तिथेच संपलं. "बरोबर," एवढंच ते म्हणाले.

वाचन झालं की वही निघायची. लांबट, तांबड्या कापडी बांधणीची, वर सुबक अक्षरात 'भीतीचा पंचनामा'. आठवड्यात ज्याला कशाची भीती वाटली त्यानं पुढे येऊन सांगायचं. ठिकाण, वेळ, उजेड किती, काय दिसलं, काय ऐकू आलं, वास कसला, वारा कुठून. खाली दोन पोरांच्या पंच म्हणून सह्या. शेवटी एक रकाना 'मत' असा होता आणि तो कायम कोरा. 'भूत' म्हटलं की ते पेन खाली ठेवत. "भूत हे मत झालं. दिसलं काय ते सांग."

त्या दिवशीची एक नोंद मी वाचली. 'न्हाणीघर. संध्याकाळ, दिवा लागण्यापूर्वी. बादलीत आवाज. बादली उपडी. आत बेडूक, मध्यम.' पंचांच्या सह्या. दुसरी, आधीच्या एका शनिवारची: 'काका मुंबईहून आल्यावर जवळ ओढतो. मिशी टोचते. तोंडाला वास. दोनदा. घरात कुणी नसताना.' हिच्याखाली भाऊसाहेबांची वेगळी सही होती आणि समासात 'वडिलांना समक्ष सांगितले. काका परत गेला.'

ही नोंद वाचूनही मी थांबले नाही. मला थांबायचं नव्हतं.

"तुम्ही मुलांना घाबरवता," मी म्हणाले.

"मुलं घाबरलेलीच येतात. मी लिहून घेतो."

"एका बाईचा मुलगा रात्री अंथरूण ओलं करतो. तिनं स्वतः मला सांगितलंय."

"तो मुलगा माझ्याकडे येत नाही. त्याच्या आईला गेमचं नाव सांगणं सोपं वाटलं. घरात दारू आहे, ते सांगणं अवघड." त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला. "तुमची संघटना पोरांना काय सांगते? घाबरू नका. झालं. घाबरलेलं पोर मग गप्प बसतं. गप्प बसलेल्याचा पंचनामा होत नाही, पत्रकवाल्या बाई."

पत्रकवाल्या बाई! मी चहा तसाच टाकून उठले आणि सोमवारी तालुक्याला लेखी तक्रार ठोकली. वाचन बंद करा.

आता माझं खरं काम काय होतं ते सांगते. त्या वाडीचं पाणी एका पऱ्यावरून यायचं. डोंगरातून उतरणारा बारमाही ओढा, त्याला आमच्याकडे पऱ्या म्हणतात. दोन वर्षं त्या पऱ्यात मधूनच मासे उलटे व्हायचे, पाण्याला तवंग यायचा, पोरांच्या अंगावर खरूज उठायची. चार दिवसांत पाणी पुन्हा नितळ. वर जंगलात कुणीतरी टँकर आणून रसायन ओतून जातंय हे सगळ्यांना कळत होतं. हायवेवरून टँकर कुठूनही येऊ शकतो, घाटातूनही. मी निवेदनं दिली, धरणं धरली, घसा बसेपर्यंत ओरडले. प्रत्येक टेबलावर तेच उत्तर. कुणी पाहिलंय? पाहिलेला माणूस आणा. पाहिलेला माणूस नव्हता. मोठी माणसं त्या बाजूला जात नाहीत, तिकडे रान दाट आहे आणि शेत कुणाचं नाही.

पोरं जातात. श्रावणात अळंबी काढायला.

त्या श्रावणात तन्वी आणि आणखी दोन मुलं भर दुपारी वर गेली. धुकं होतं. तासाभरात धावत खाली आली, अळंब्यांची टोपली वरच टाकून. तन्वीची आई दारात होती. पोरांनी जे सांगितलं ते वाडीभर झालं ते असं: जंगलात डुकराच्या तोंडाची माणसं उभी आहेत.

बस्स. पुढचं कुणी ऐकलंच नाही. गेम पोरांच्या डोक्यात गेला, अशी ओरड झाली. तन्वीच्या आईनं तिच्या दोन थोबाडीत दिल्या आणि शनिवार बंद. संध्याकाळी मला चार फोन आले. "ताई, तुम्ही बोलत व्हताव तेच खरं झालं." मला काय वाटलं ते लपवत नाही. मला आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब महाडला माझ्या खोलीवर आले. एसटीनं, उभ्यानं, गुडघ्यापर्यंत भिजलेले. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले दोन कागद काढले.

"मूळ प्रत तहसीलला दिली, त्यांनी शिक्का मारून ठेवून घेतली. ही नक्कल तुमची. आज वाचा. आजच वर जायला हवं, पाऊस आहे."

मथळा 'भीतीचा पंचनामा' असा होता. मी तो वाचला आणि पुढचं वाचलं नाही. "भाऊसाहेब, पोरं बिघडली तुमच्यामुळे. आता तरी बंद करा," असं म्हणाले आणि कागद पत्रकांच्या गठ्ठ्याखाली सरकवले. त्यांच्या पायातलं पाणी माझ्या फरशीवर सांडलं होतं, ते त्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसलं आणि गेले.

आठ दिवस ते कागद तिथे होते. आठही दिवस पाऊस होता.

नवव्या दिवशी वाडीत दोन म्हशी मेल्या. मंडळ अधिकारी पंचनाम्याला आले, शाळेच्या व्हरांड्यात लोक जमले, मलाही बोलावणं आलं. निघताना निवेदनांचा गठ्ठा उचलला, त्यात ते कागद आले. सभेत अर्धा वेळ म्हशींवर गेला आणि अर्धा भाऊसाहेबांवर. आयाबाया भांडत होत्या. साहेबांनाही म्हशींपेक्षा गेम सोपा होता. त्यांनी तन्वीला पुढे बोलावलं. गोड आवाज काढला.

"बाळा, गेममधलं पाहिलंस ना तू? भाऊसाहेब वाचतात त्यातलं?"

तन्वीनं भाऊसाहेबांकडे पाहिलं. ते छपराकडे बघत होते.

"नाय," ती म्हणाली.

"अगं, डुकराचं तोंड होतं म्हणतेस. मग?"

"गेमातल्यांना वास नाय येत," तन्वी म्हणाली. "यांना येत व्हता. सडक्या लसणीसारखा. माजे डोळे झोंबले. अजून झोंबतात."

मी पिशवीत हात घातला. ते दोन कागद तिथे उभ्या उभ्या पहिल्यांदा वाचले. तसेच देते:

'ठिकाण: पऱ्याच्या उगमाकडे, जुन्या कोळशाच्या भट्टीजवळ. वेळ: दुपारचे जेवण झाल्यावर. उजेड: धुके, पंचवीस पावलांपलीकडे दिसत नाही. दिसले: तीन जण. तोंड पुढे आलेले, काळे, रबरासारखे. दोन्ही गालांना गोल डब्या. डोळ्यांना मोठी काच. हात कोपरापर्यंत पिवळे. एकाने तोंड वर सरकवून थुंकले, आत माणसाचे तोंड होते, मिशी होती. मागे गोल टाकीची गाडी, टाकीवर तिरका चौकोन, आत कवटी. नंबराचे शेवटचे दोन आकडे दिसले, बाकी चिखल. जाड पाइप पऱ्यात. ऐकू आले: इंजिन, खोकला. वास: सडक्या लसणीसारखा. चाकांची खूण वाटेवरच्या चिखलात, वर जाताना मोजली, रुंदी तन्वीच्या दोन वितींहून जास्त. गाडीने आंब्याच्या खोडाची साल काढली, सालीला निळा रंग. मत:'

मत कोरं होतं.

दोन वर्षं मी ज्या पाहिलेल्या माणसाला शोधत होते, तो सापडला होता. एक नाही, तीन पोरं. सगळं लिहून, पंचांच्या सह्यांनिशी, माझ्याच खोलीत पडलं होतं. आम्ही सगळे त्याच दुपारी वर गेलो. चाकांची खूण नव्हती. ती माझ्या आठ दिवसांनी पुसली. तहसीलनंही आठ दिवस तो कागद कपाटात ठेवला, त्याबद्दल मी त्यांना हवं तेवढं बोलले आहे आणि बोलणार आहे. पण पत्रक काढायचं तर दोघांवर काढावं लागेल. आंब्याची साल मात्र होती, निळ्या रंगासकट. अळंब्यांची टोपली होती. भाऊसाहेब टेप काढून खोडावरची खरवड मोजू लागले आणि मला म्हणाले, "धरा, शून्याकडचं टोक धरा."

मी धरलं.

दोन आकडे, निळा रंग आणि हायवेवरच्या पेट्रोल पंपाचा कॅमेरा, एवढ्यावर टँकर सापडला. चालक सापडला. मालकानं वकील दिला. चौकशी लागली. वकिलाचा पहिला अर्ज होता की, या मुलांची साक्ष धरू नये, त्यांच्या मनावर भयानक विदेशी गेमचा परिणाम झालेला आहे. पुरावा म्हणून एक कागद जोडला होता. 'बालमनांची कत्तल थांबवा!!!' खाली माझं नाव.

मी ते पत्रक घेऊन भाऊसाहेबांकडे गेले. तेव्हा ते अंथरुणावर होते, छातीत कफ, बोलताना दम लागायचा. मी रडले नाही, पण बसायला सांगेपर्यंत उभी राहिले.

"मागे घेते," मी म्हणाले. "जाहीर माफी मागते. मोठं पत्रक काढते."

"मोठं नको," ते म्हणाले. "मोठ्यात मत शिरतं."

मी तिथेच बसून लिहिलं. पहिला मसुदा पानभर झाला. त्यांनी पेन्सिल मागितली. काकू म्हणाल्या, "झोपा आता, रेघा उद्या मारा." त्यांनी उशीला टेकून सगळ्या रेघा मारल्या. 'माझ्या अक्षम्य अपराधाबद्दल' गेलं. 'थोर मनाच्या' गेलं. उरलं ते असं: 'मी अमुक तारखेचे पत्रक वाचन न पाहता व मुलांशी न बोलता लिहिले. नंतर वाचन पाहिले, तरी तक्रार केली. मुलांनी जंगलात जे पाहिले त्याची लेखी नोंद मला दुसऱ्या दिवशी मिळाली. मी ती आठ दिवस वाचली नाही. सदर पत्रक मागे घेत आहे.'

"हे लोकांत वाटलं तर माझी लाज जाईल," मी म्हणाले.

"जाईल," भाऊसाहेब म्हणाले. "पंधरा दिवस. मग लोकांना दुसरं काही मिळेल. वाटा."

स्टँडवर मी ते वाटलं. एका कॉलेजच्या पोरानं वाचून विचारलं, "ताई, यात घोषणा कुठंय?" मी म्हटलं, नाहीये.

माघात ते गेले. त्याआधीच्या शनिवारी वाचन झालं होतं. आवाज निघत नव्हता, तर त्यांनी मराठी कागदावर लिहून दिलं आणि तन्वीनं वाचलं. तिनं एकदा आवाज काढायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी बोट वर केलं, एवढंच. गेम संपलेला नाही. भाच्याला विचारलं तर म्हणाला, पुढचं मामांनाच वाचता येत होतं.

त्यांच्या जाण्यानं चौकशीत भोक पडलं. पंचनामा लिहिणारा साक्ष द्यायला नाही. वकिलानं तेच धरलं. मुलांनी सांगितलं की म्हाताऱ्यानं रचलं, कोण सांगणार? इतर दोघा मुलांच्या घरच्यांनी माघार घेतली. एकाच्या बापाला कुणीतरी नोकरीची आशा दाखवली होती. उरली तन्वी. तिच्या आईकडे मी सलग तीन दिवस गेले. पहिल्या दिवशी तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आमाला ऱ्हायचंय हितं. तुमी महाडला जाशाल." ते खरं होतं. तिसऱ्या दिवशी जबाब होता. तन्वीच दारात आली, शाळेचा ड्रेस घातलेला, तेल लावून वेण्या घातलेल्या. "आई येते हाय, चपला शोधते," म्हणाली.

चैत्रात, दुपारी, तहसील कार्यालयात जबाब झाला. एक चौकशी अधिकारी, संगणकावर टाइप करणारा लिपिक, मालकाचा वकील, तन्वी, तिची आई. मला दाराशी उभं राहायची परवानगी होती, बोलायची नव्हती. माझ्यासाठी ही शिक्षाच. पंखा नुसता आवाज करत होता. अधिकारी माणूस वाईट नव्हता, घाईत होता. तन्वीनं सगळं सांगितलं. लिपिकानं कागद काढला, अधिकाऱ्यानं तिच्यापुढे सरकवला आणि पेन दिलं.

"इथे सही कर हं, बाळा."

"काय लिवलाय त्यात?"

"तूच सांगितलंस ते."

"मंग वाचून दाखवा."

आईनं तिचा दंड ओढला. "गप गो. सायब सांगतायत ना."

अधिकाऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि मधली एक ओळ वाचली. 'मुलीने जंगलात प्राण्यांसारखे भासणारे लोक पाहिल्याचे सांगितले.'

"असं नाय मी सांगितलं," तन्वी म्हणाली. "तीन माणसं व्हती. तोंडावर रबर लावलेला. भासत नव्हती. व्हती."

वकील हसून पुढे झुकले. "बाळ, तू लहान आहेस. धुक्यात एवढं कुठून दिसणार?"

"लहान हाय. अकरा पुरी झाली. त्येबी लिवा," ती म्हणाली. "धुका व्हता, त्येबी लिवा. आमी पंचवीस पावलांवर व्हतो, मी मोजलीत. जाताना नाय, दुसऱ्यांदा गेलो तवा."

लिपिकानं मान वर करून अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्यानं मान हलवली. ती ओळ गेली, तिच्या जागी तीन ओळी आल्या. मशीननं नवा कागद बाहेर टाकला. तो गरम होता, तन्वीनं तो दोन्ही हातांनी धरला, पाहिला आणि परत दिला.

"आता कर सही."

"आता पयल्यापास्नं वाचा," तन्वी म्हणाली. "सगळा."

वकिलांनी फाइल बंद केली आणि पुन्हा उघडली. अधिकाऱ्यानं पेल्यातलं पाणी प्यायलं, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. तन्वी समोर बसून ऐकत होती. पेन तिच्या हातात होतं, टोपण तिनं अजून काढलेलं नव्हतं.